दोर तुटला नव्हता

कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. ‘टोचन करताना दोर तुटला, सोनगीरजवळ शेतकरी ठार.’ नाव बरोबर होतं, वय दोन वर्षांनी कमी होतं, आणि दोर तुटला नव्हता. रुतलेल्या गाडीच्या ज्या लोखंडी गोळ्याला तो बांधला होता, तो गोळा मानेतून मोडला आणि दोरासकट उडून झुलालभाऊच्या कानशिलावर बसला. तसल्या गोळ्याला दोर बांधायचा नसतो. दोर कुठे बांधलाय हे ट्रॅक्टर हलायच्या आधी बघून घ्यायचं, एवढं एकच काम त्या दुपारी माझ्याकडे होतं. गावात सगळे म्हणतात, त्या जळगावच्या पोराने दोर चुकीचा बांधला म्हणून भाऊ गेला. त्या पोरालाही तसंच वाटतं. खरं काय ते मला माहीत होतं आणि महिनाभर मी ते कुणाला सांगितलं नाही. पुरवणीवाल्यांनी मला भाऊच्या आठवणी लिहायला सांगितलंय. आठवणी लिहितोच, पण त्या या गोष्टीपाशीच येऊन थांबतात.

झुलालभाऊ आणि मी एकाच गावचे, सोनगीरहून आत चार किलोमीटर. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे तो शेतीत राहिला, मी धुळ्याला आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा निदेशक झालो, तीस वर्षं पोरांना इंजिनं उघडायला शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी रिटायर होऊन गावी परत आलो. नोकरी लागली त्या दिवसापासून तो मला ‘सर’ म्हणायला लागला, आधी चिडवायला, मग सवयीने. ‘तू’ मात्र कायम राहिलं. माझा स्वभाव कसा ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. कोणी चुकीचा पाना उचलला तरी मी सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं बोलायचो. भाऊचं नेमकं उलट. त्याने कुणाला तोंडावर ‘चुकलास’ म्हटलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. हा त्याचा मोठेपणा आहे असं मला वाटायचं... आता काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही.

त्याच्या शेताला लागून एक गाडरस्ता जातो. महामार्गावरून सुटतो, काळ्या रानातून उतरत नाल्यात जातो आणि पलीकडे चढून शिंदखेड्याच्या बाजूला निघतो. बैलगाडीच्या काळापासून आहे. मोबाईलच्या नकाशाला तो कोणी दाखवला देव जाणे, पण गेली काही वर्षं तो नकाशा परक्या माणसाला सांगतो की इथून जा, पंधरा मिनिटं वाचतील. उन्हाळ्यात वाचतातही. पाऊस झाला की आमची काळी माती चाकाला धरते, आणि नाल्याच्या उतारावर गाडी एकदा खाली सरकली की तिला ना पुढे जाता येत ना मागे. त्यात रविवारी हौसेने जीप घेऊन फिरणाऱ्यांची भर. त्यांना नाला दिसला की उतरल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात आठवड्याला एक तरी गाडी भाऊच्या बांधाशी रुतायची. खालून इंजिन नुसतं ओरडायला लागलं की भाऊ जेवत असला तरी ताट बाजूला सारायचा, आणि अक्का, म्हणजे त्याची बायको, सारं गाव तिला अक्काच म्हणतं, ती ताटावर ताट झाकायची.

ट्रॅक्टर घेऊन जायचं नाही, आधी पायी जायचं, हा त्याचा पहिला नेम. ट्रॅक्टर धडधडत आला की रुतलेल्या माणसाला आपल्याला ओढून काढायला आले असं वाटतं, म्हणायचा. हातात पाण्याची कळशी घेऊन तो रमतगमत जायचा आणि आपल्या अहिराणीत विचारायचा, ‘काय भाऊ, सावली दखीसन थांबनात का?’ गाडी तिथे बोनेटपर्यंत चिखलात आणि हा सावलीबद्दल बोलतोय! समोरचा आधी गोंधळायचा, मग हसायचा, मग पाणी प्यायचा. इकडून कसे आलात, हे भाऊ कधी विचारायचा नाही. मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. गावातले बघे जमले तर त्यांना काहीतरी कामं सांगून पांगवायचा, कोणी फोनवर शूटिंग करत असेल तर त्याच्या हातात फावडं द्यायचा. दोराचं एक टोक तो आपल्या ट्रॅक्टरला बांधायचा, पण दुसरं टोक गाडीला बांधायचं ते गाडीवाल्यानेच. म्हणजे त्या माणसाला घरी गेल्यावर ‘आम्ही काढली’ असं सांगता येतं. गाडी वर आली की लगेच ट्रॅक्टर वळवून निघून यायचा, आभार मानायला शब्द शोधत बसायची वेळ त्याने कुणावर आणली नाही.

हे त्याच्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. ऐन तरुणपणी तो कापसाची ट्रॉली घेऊन पहूरकडे गेला होता आणि तिकडच्या एका ओढ्यात फसला. एका माणसाने आपला ट्रॅक्टर आणून ट्रॉली काढून दिली. पण काढण्याआधी त्याने रस्त्यावरच्या आठ-दहा जणांना हाका मारून जमवलं आणि ट्रॅक्टर चालवायला बायकोने शिकवलं का, असं विचारून सगळ्यांना हसवलं. इतकी वर्षं झाली तरी हा किस्सा सांगताना भाऊच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. ‘काढं त्यानी,’ म्हणायचा, ‘पन हसना.’ मी म्हणायचो, अरे, निघाली ना ट्रॉली? मग झालं! तो मान हलवायचा. ‘फसेल मानूस आर्धा मरेल ऱ्हास, सर. त्याले आखो काय मारस?’ फसलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो, हे त्याचं कायमचं म्हणणं.

आता गाडीवाल्याला दोर कुठे बांधायचा ते कळतंच असं नाही. कोणी बंपरला बांधतो, कोणी शोभेच्या गार्डला. जोराचा हिसका बसला की ते तुटून येतं आणि समोर जो असेल त्याचा कपाळमोक्ष. हे भाऊला पक्कं माहीत होतं. सगळ्यांना तो दोराच्या दुप्पट लांब उभं करायचा आणि दोरावर ओलं पोतं टाकायचा, म्हणजे दोर तुटलाच तर फार उडत नाही. पोतं टाकायला म्हणून तो रुतलेल्या गाडीपाशी जायचा, तिथल्या चिखलात मुद्दाम चप्पल रुतवायचा, ती काढायला वाकायचा आणि वाकल्या वाकल्या गाडीच्या खाली नजर टाकायचा. बघायचं, पण आपण तपासतोय असं समोरच्याला दिसू द्यायचं नाही. दोर भलत्या ठिकाणी असला तर उठून म्हणायचा, ‘भाऊ, मना दोर जुना शे. जरा खाले, चासीले बांधा, म्हणजे माले भरवसा वाटी.’ दोर जुना कधीच नसायचा. दर दोन वर्षांनी तो धुळ्याहून नवा आणायचा, आणि त्या नव्या दोराची बदनामी इतक्या मनापासून करायचा की ऐकणाऱ्याला त्या दोराची कीव यावी.

एकदा शहरातून जीपवाल्यांचा एक ताफाच आला होता. रंगीत पट्टे, डोक्याला दिवे, पुढच्या गाडीला तारेने ओढायचं यंत्र. मधली जीप नाल्यात बसली. भाऊ गेला, पाणी दिलं, ट्रॅक्टर आणू का विचारलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, ‘नको काका, आमची सिस्टिम आहे.’ भाऊ पुन्हा विचारायला गेला नाही, आणि घरीही आला नाही. बाभळीखाली बसून राहिला. त्यांची सिस्टिम दोन तास चालली. तार एकदा निसटली, एकदा गुंतली. मी भाऊच्या शेजारी बसून हसू दाबत होतो आणि तो मला कोपरखळ्या मारत होता. शेवटी म्होरक्या मान खाली घालून आला, ‘काका, जरा...’ तर भाऊ उठता उठता म्हणतो, ‘बरं झायं बलावं. मी तं आठे बकऱ्या राखाले बठेल शे.’ आसपास कोसभर बकरी नव्हती. म्होरक्याही हसला, पण त्याची मान वर आली होती.

मला हे जमलं नाही. रिटायर होऊन आल्यावर मी भाऊसोबत जायला लागलो तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात पाचोऱ्याकडचा एक माणूस बायको-मुलांसह अडकला होता. त्याने दोर रेडिएटरच्या जाळीपाशी बांधलेला बघून मी तिथल्या तिथे ओरडलो, ‘अहो, अक्कल गहाण ठेवलीय का?’ मुलं बापाकडे बघायला लागली. त्या माणसाने दोर सोडून भाऊच्या हातात दिला, म्हणाला, ‘राहू द्या,’ आणि स्वतःच गाडी काढायला लागला. अर्ध्या तासात क्लच प्लेट जळाल्याचा वास सुटला. मग बायको-मुलांना घेऊन तो चिखलातून महामार्गापर्यंत चालत गेला. भाऊ पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी दारात येऊन म्हणाला, ‘सर, तू ये, पन बोलू नको. दखाले तुना डोया भारी शेतस, बोलाले तुन्हं तोंड बेकार शे.’ मी खूप हसलो. ते खरंच होतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला वाकायचं बंद केलं. तेव्हापासून वाकून बघणं माझ्याकडे आलं. पोतं घेऊन मी जायचो, चप्पल रुतवायचो, बघायचो. ठीक असलं तर बाजूला होऊन हात वर करायचा, चुकलेलं असलं तर भाऊपाशी जाऊन हळूच सांगायचं, पुढचं त्याचा दोर आणि तो बघून घेतील. अशी आमची वाटणी होती आणि ती छान चालली होती. या पावसाळ्यात मात्र श्रावणाच्या तोंडाला माझा तोल गेला. दोन तरुण मोबाईलवर रील काढायला म्हणून मुद्दाम नाल्यात उतरले होते, वर भाऊलाच ‘लवकर करा’ म्हणत होते. मी त्यांची आईबापापासून हजेरी घेतली. त्या दोघांनी काही मनावर घेतलं नाही, पण भाऊने सगळ्यांदेखत मला सांगितलं, ‘सर, आते तू ये नको.’ साठी उलटलेल्या माणसाला हे किती लागतं ते लागल्यावरच कळतं. मी दोन आठवडे त्याच्या ओट्याकडे फिरकलो नाही.

कानबाईच्या रविवारी तोच माझ्या दारात आला. घरोघरी रोटांची, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची, गडबड होती, गावाबाहेर गेलेले भाऊबंद जमत होते. ‘चाल, सर,’ एवढंच म्हणाला. मी चपला घातल्या. नाल्यात एक नवी जीप नाकाने खाली गेली होती. चालवणारा तिशीच्या आतला पोरगा, जळगावला इंजिनिअर. सोबत बायको, सासू आणि सासरे. सासऱ्यांच्या मूळ गावी रोटांना निघाले होते. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि जावयाने हौसेने नव्या गाडीतून न्यायचं ठरवलं होतं. सासरे एक शब्द बोलत नव्हते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उभे होते आणि गाडी सोडून बाकी सगळीकडे बघत होते. पोराचे कान लाल झाले होते. भाऊ त्याला म्हणाला, ‘काही नही रे, मना ट्रॅक्टर बी आठेच फसस.’ भाऊचा ट्रॅक्टर तिथे कधीही फसला नव्हता. मग माझ्या जवळून जाताना पुटपुटला, ‘सर, सासरा संगे शे. जपीसन.’

गाडी मागच्या बाजूने वर ओढायची होती. पोराने मागे दोर बांधला आणि आत जाऊन स्टिअरिंगवर बसला. मी पोतं घेऊन गेलो, दोरावर टाकलं, चप्पल चिखलात दाबली आणि वाकलो. दोर बंपरवरच्या गोळ्याला होता. ट्रेलर जोडायला असतो तसला चकचकीत गोळा, बहुतेक शोभेसाठी लावलेला. त्याच्या वीतभर खाली चासीला, गाडीच्या सांगाड्याला, कंपनीने दिलेलं भक्कम कडं होतं, मोकळं. रुतलेली गाडी ओढताना गोळ्याला हात लावायचा नाही, हे मी तीस वर्षं दर बॅचला फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. मला ओझरतं दिसलं, अंधुक दिसलं, असलं काही नाही. गाठसुद्धा दिसली. गाठ चांगली बांधली होती पोराने.

भाऊपाशी जाऊन सांगायला वीस पावलं चालावं लागत होतं. मी गेलो असतो तर तो उतरला असता, दोर जुना आहे म्हणाला असता, पोराने दोर खाली बांधला असता आणि सगळे संध्याकाळपर्यंत रोटांना पोचले असते. मी का गेलो नाही ते लिहितो. ‘तू ये नको’ हे मनात होतं. बघ म्हणावं, आज मी तोंडच उघडत नाही, मलाही जपून राहता येतं. गेलो की पुन्हा दोर सोडा, पुन्हा बांधा, सासऱ्यांसमोर जावयाचा आणखी एकदा पाणउतारा, तोही माझ्यामुळे, हे होतं. गाडी फार खोल नाही, एका हिसक्यात येईल, हेही होतं. यातलं मोठं कोणतं ते मी रोज ठरवतो आणि रोज बदलतो. खरं सांगायचं तर रुसवा होता. मी सरळ झालो, चप्पल झटकली, बाजूला झालो आणि हात वर केला. ट्रॅक्टरवरून भाऊने मान हलवली. तो माझ्यावर खूश होता... सरांनी आज न बोलता काम केलं म्हणून खूश होता.

पुढचं फार नाही. दोर ताणला गेला, खाडकन आवाज झाला, भाऊ नेहमीसारखा मागे वळून बघत होता. सगळ्यांना त्याने लांब उभं केलं होतं, पण ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लांब उभं राहता येत नाही. तो पोरगा अनवाणी महामार्गापर्यंत पळत गेला. चिखलाने आणि रक्ताने भरलेला माणूस बघून गाड्या वेग वाढवत होत्या, असं त्याने नंतर सांगितलं. शेवटी कांद्याची एक पिकअप थांबली. पिकअपमध्ये भाऊचं डोकं त्या परक्या पोराच्या मांडीवर होतं आणि मी पायाशी बसलो होतो. धुळ्याला पोचायच्या आत सगळं संपलं. संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, दोर कोणी बांधला? पोरगा म्हणाला, ‘मी.’ मला विचारलं, तुम्ही पाहिला होता का? मी म्हणालो, पोतं टाकायला गेलो होतो, लक्ष गेलं नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. माझी सही नेहमीसारखीच आली.

दहाव्याला तो पोरगा सासऱ्यांबरोबर आला होता. भाऊच्या धाकट्या भावाने त्यांना दारातच अडवलं. ‘आते काय दखाले उनात?’ म्हणून ओरडला. लोकांनी भावाला धरलं, पण त्या दोघांना आत या असं कोणी म्हटलं नाही. पोरगा हाराची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिला, पंगती उठेपर्यंत. मी मांडवात वाढप्यांना सूचना देत होतो. मला तो दिसत होता. दोन वेळा माझी आणि त्याची नजरानजर झाली आणि दोन्ही वेळा त्याने मला हात जोडले. पंधराएक दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला, केस कुठवर आली विचारायला. जावयावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला होता. पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. जावई कामावर जात नाही, कुणाशी बोलत नाही, गाडीच्या किल्ल्या दिसल्या तरी उठून दुसऱ्या खोलीत जातो. ‘मी त्या दिवशी चार शब्द बोलायला हवे होते हो,’ ते म्हणाले, ‘नुसता गप्प उभा राहिलो.’ फोन ठेवून मी उठलो.

मी अक्काकडे गेलो. ती ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, चपलेपासून हात वर करण्यापर्यंत. शेवटी म्हणाली, ‘तुम्ही दखं व्हतं?’ मी म्हणालो, ‘हो.’ ‘आनि हात वर कया?’ ‘हो.’ ती सोलत राहिली, सोललेले दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं दाण्यांत. तिने मला शिव्या द्याव्यात, सूप अंगावर फेकावं, असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, ‘मंग माले कसाले सांगतस? मना तं गया. तो पोऱ्या जित्ता शे, त्याले सांगा.’

दुसऱ्याच दिवशी मी जळगावला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात गाडीचं कव्हर घडी करून ठेवलेलं, धूळ खात पडलेलं. सासरे तिथेच होते. पोरगा निम्मा झाला होता. मी पाणीसुद्धा न घेता बोलायला सुरुवात केली. मी पाहिलं होतं, मला कळलं होतं, मी गप्प बसलो, जबाबात खोटं बोललो, तुझा दोष नाही. तो म्हणाला, ‘काका, मी आरशात बघत होतो. तुमची चप्पल अडकली होती, ती काढायला तुम्ही वाकलात. तुम्ही दोराकडे बघितलंही नाहीत.’ मी म्हणालो, ‘अरे, तसंच बघायचं असतं! दिसू द्यायचं नसतं!’ आणि त्याला आमची सगळी पद्धत समजावून सांगितली, पोतं, चप्पल, जुना दोर. जसजसं सांगत गेलो तसतसा त्याचा चेहरा मऊ होत गेला आणि मला कळेना की हा असा का बघतोय. शेवटी तो म्हणाला, ‘भाऊंनी मला सांगितलं होतं, त्यांचा ट्रॅक्टरही तिथेच फसतो. दहाव्याला बाहेर उभा होतो तेव्हा मी तुमच्या गावातल्यांना विचारलं, काका. कधीच फसला नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले ते. तुम्हीही तेच करताय.’

मग माझा तोल गेला. ‘गाढवा, खरं सांगतोय मी!’ असा ओरडलो की आतून त्याची बायको धावत आली. तो दचकलासुद्धा नाही. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि माझे हात हातात घेऊन म्हणाले, ‘भाऊंच्या सहवासातली माणसं तुम्ही. परक्याची चूक अशी अंगावर घ्यायला फार मोठं मन लागतं.’ निघताना पोरगा माझ्या पाया पडला. परतीच्या वाटेवर धुळ्याला उतरून मी पोलिसांकडे जबाब बदलायला गेलो, तर तिथला हवालदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने चहा मागवला. म्हणाला, ‘सर, त्या पोराला वाचवायला धडपडताय ते समजतं आम्हाला. पण या वयात स्वतःला कशाला अडकवून घेता?’ अर्ज त्याने ठेवून घेतला. त्याचं पुढे काही झालेलं नाही.

संध्याकाळी अक्का ओट्यावरच होती. ‘सांगं का?’ तिने विचारलं. मी म्हणालो, हो. ‘मानं का त्यानी?’ मी म्हणालो, नाही. हवालदाराचंही सांगितलं. ती भाऊच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती. ऑपरेशननंतर तो दुपारी त्या खाटेवर नाल्याकडे तोंड करून पडायचा, इंजिनाचा आवाज आधी ऐकू यावा म्हणून. अक्काने खाट अजून फिरवलेली नाही. ती म्हणाली, ‘त्यासनी तुमले सगळासले गोड खोटं बोलानं शिकाडं, सर. आते खरं बोलनात तरी कोन मानी?’ त्यात राग नव्हता. ती उठून दिवाबत्तीला आत गेली.

नाल्यात अजून गाड्या रुततात. नकाशा अजून तोच रस्ता दाखवतो. खालून इंजिनाचा आवाज आला की मी दार लावून घेतो, आणि रुतलेले आपापले कसेबसे निघून जातात. भाऊ गेला त्याला मी जबाबदार आहे, आणि त्याची शिक्षा एक परका मुलगा भोगतोय, आणि माझ्या तोंडावर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती आहे, जिचं मी सगळं नेलं. यातून काही निघेल असं मला वाटत नाही. हे छापून आल्यावरही वाचणारे म्हणतील, मित्रासाठी सरांनी काय लिहिलंय! तरी जळगावला एका तिसऱ्या मजल्यावर ही पुरवणी जाते, हे मी सासऱ्यांना विचारून घेतलंय. पोरा, तुझं नाव मी लिहीत नाही. माझी चप्पल अडकली नव्हती, मी ती मुद्दाम चिखलात दाबली होती. वाकलो तेव्हा गोळा दिसला, तुझी गाठ दिसली, खालचं मोकळं कडं दिसलं. मग मी उठून हात वर केला, आणि तो हात बघून भाऊने क्लच सोडला.